अठ्ठावीस दिवसांची ऊब

खाकी कॅम्पबेल जातीची बदकाची मादी वर्षाकाठी अडीचशे ते तीनशे अंडी घालते, पण त्यांतील एकाही अंड्यावर ती सहसा बसत नाही. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात, उली नावाच्या खेड्यात, ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसावे शतक संपता संपता ही जात तयार केली, ती भरपूर अंडी मिळावीत म्हणून. खुडूक बसलेली मादी अंडी घालायचे थांबवते, आणि पाळणाऱ्याला नेमके तेच नको असते. त्यामुळे अंडी घालण्याचा गुण जसजसा वाढत गेला तसतशी ऊब देण्याची वृत्ती मावळत गेली. आईपणाचे हे उरलेले काम मग माणसाच्या अंगावर आले, आणि माणसाने ते पुष्कळदा देशी कोंबडीच्या अंगावर टाकले. बंगाल, आसाम, केरळ अशा भातखाचरांच्या आणि पाणथळींच्या मुलखात बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवण्याची चाल जुनी आहे. कोंबडी बिचारी एकवीस दिवसांच्या कामासाठी घडलेली असते. ती अठ्ठावीस दिवस निमूटपणे बसून राहते आणि शेवटी पाण्याकडे धावणारी पिल्ले पाहून काठावर कावरीबावरी होते.

महाराष्ट्रात बदके थोडी. मराठी माणसाला बदकाचे पिल्लू भेटते ते बहुधा बालगीतातून. तरीही कोकणात, पूर्व विदर्भाच्या तळ्यांकाठी आणि मराठी कुटुंबे जेथे जेथे शेतीसाठी जाऊन राहिली आहेत तेथेही कोणी ना कोणी हा उद्योग करून पाहतो. कोंबडीखाली आठ-दहा अंडी मावतात. त्याहून अधिक हवी असली की उबवण-यंत्र येते, आणि यंत्राबरोबर निराशाही येते. शंभर अंडी ठेवावीत आणि चाळीस पिल्ले निघावीत, हा अनुभव नवख्याला हमखास येतो. ही शंभर अंडी त्याने बाजारात नेली असती तर त्याच दिवशी रोख पैसे हाती आले असते. न फुटलेली साठ अंडी अठ्ठावीस दिवसांनंतर उकिरड्यावर जातात. वीज, मेहनत आणि महिना हे सारे त्यांच्याबरोबर जाते. लहान शेतकऱ्याने एकदा असा फटका खाल्ला की तो पुन्हा या वाटेला जात नाही. दोष कोठे होता, हे मात्र त्याला कळलेले नसते.

दोष शोधायचा तर पहिली गोष्ट म्हणजे हिशेब नीट मांडणे. दोन माणसांनी प्रत्येकी शंभर अंडी ठेवली आणि दोघांचीही साठ पिल्ले निघाली, असे समजू. पहिल्याची सत्तर अंडी फलित होती, दुसऱ्याची ब्याण्णव. पहिल्याच्या फलित अंड्यांपैकी सुमारे ८६ टक्के फुटली, म्हणजे त्याच्या यंत्रात फारसे काही बिघडलेले नाही. बिघाड आहे तो कळपात. दुसऱ्याची केवळ ६५ टक्के फुटली. त्याचा कळप उत्तम, पण यंत्र किंवा ते चालवणारा हात सदोष. दोघांची पिल्ले सारखीच, रोग मात्र अगदी वेगळे. फलित अंडी किती होती हे न मोजणारा मनुष्य नरांना दोष देऊन यंत्र तसेच ठेवतो, किंवा यंत्र विकून टाकतो आणि म्हातारे नर सांभाळीत बसतो.

कळपाविषयी थोडक्यात सांगता येईल. पाच-सहा माद्यांमागे एक तरुण, धडधाकट नर असावा. नर कमी असले तर फळ कमी. फार झाले तर आपसांत भांडून माद्यांना जखमा करतात. अगदी नव्याने अंड्यावर आलेल्या मादीची पहिली लहान अंडी उबवणीला घेऊ नयेत. खाद्यात जीवनसत्त्वे पुरेशी हवीत. विशेषतः रिबोफ्लेविन कमी पडले तर मादी अंडी घालीत राहते, पण आतला जीव अर्ध्या वाटेवर मरतो. मादीचे पोट भरले म्हणजे पिल्लाची शिदोरी भरली, असे नसते. बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा शोध लागला की भुईमुगाच्या पेंडीत वाढलेली बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. पाळीव पक्ष्यांत बदक या विषाला फार नाजूक असते. कोंबडी जी पेंड पचवून जाते ती बदकाला घातक ठरू शकते. मग तिच्या अंड्यांकडून काय अपेक्षा ठेवावी! पावसाळ्यात ओल लागलेली पेंड ‘टाकायची कशाला’ म्हणून बदकांपुढे ओतणे ही महागात पडणारी काटकसर आहे.

बदक अंडे घालते ते पहाटे. सकाळी आठ-नऊच्या आत जवळजवळ सर्व अंडी पडलेली असतात. म्हणून बदकांना तोपर्यंत खुराड्यातच ठेवावे. लवकर सोडली तर काही अंडी तळ्याच्या चिखलात जातात. खुराड्यात कोरडा पेंढा किंवा भाताचा तूस सढळ हाताने घालावा, आणि साधारण तीन माद्यांमागे एक घरटे असावे. हे सारे अंडे स्वच्छ राहावे म्हणून. बदकाच्या पायांना आणि पिसांना सदैव ओला चिखल असतो. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. आणि नुकतेच पडलेले अंडे उबदार असते. ते निवू लागले की आतला ऐवज आकसतो आणि बाहेरची हवा छिद्रांतून आत ओढली जाते. कवचावर घाण असेल तर तीही आत जाते. म्हणूनच मळलेले अंडे गार पाण्याखाली धरणे ही सर्वांत मोठी चूक होय. गार पाणी घाण धुऊन काढण्याऐवजी आत शोषवते. धुणे भागच पडले तर पाणी अंड्याहून गरम, म्हणजे सुमारे ४० ते ४३ अंश सेल्सिअसचे असावे आणि काम चटकन उरकावे. फार मळलेले अंडे उबवणीला ठेवूच नये. असे एकच अंडे यंत्राच्या उबेत नासून फुटले तर त्याचे शिंतोडे भोवतालच्या वीस अंड्यांचा घात करतात, आणि त्या दुर्गंधीचा अनुभव ज्याने एकदा घेतला तो पुन्हा मोह धरीत नाही.

निवडलेली अंडी आठवड्याच्या आत यंत्रात गेली पाहिजेत. तोवर ती निमुळते टोक खाली करून, सुमारे १३ अंशांच्या दमट गारव्यात ठेवावीत, असे शास्त्र सांगते. हा गारवा वैशाखात नागपूर-इंदूरकडे आणायचा कोठून, हा प्रश्न खराच. घरच्या शीतकपाटातील चार अंशांची कोरडी थंडी अंड्याला फार होते. ओल्या वाळूत अर्धवट पुरलेला मातीचा माठ, तोंडावर ओले फडके, ही जुनी युक्ती तेरा अंश देत नाही. पण उघड्या फळीपेक्षा ती पुष्कळ बरी. वीस-बावीस अंशांच्या वर अंड्यातील जीव हळूहळू जागा होऊ लागतो. तो धड वाढत नाही, धड झोपत नाही, आणि अशा गुंगीत दुबळा होऊन जातो. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांहून अधिक साठवण न करणे हाच खरा उपाय.

आता यंत्र. पंखा असलेल्या यंत्रात उष्णतामान ३७.५ अंश ठेवतात. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर चढते, म्हणून तेथे अंड्यांच्या माथ्यापाशी ३८.५ अंशांच्या आसपास असावे लागते. तापमापक पेटीच्या छताजवळ टांगून आकडा वाचणारा मनुष्य अंड्यांचे नव्हे, छताचे तापमान वाचीत असतो. तापमापकही खरा हवा. कोमट पाण्यात तो आणि ताप मोजण्याचा घरचा तापमापक एकत्र धरून पाहिले तर दोन मिनिटांत त्याची सचोटी कळते. अर्ध्या अंशाची लबाडीही अठ्ठावीस दिवसांत हिशेब चुकवते. ज्या काळी तापमापक नव्हते त्या काळीही ईजिप्तमध्ये आणि चीनमध्ये हजारोंनी अंडी उबवली जात. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ साली ईजिप्तच्या भट्ट्यांविषयी लिहिले. अमेरिकन कृषितज्ज्ञ एफ. एच. किंग याने चीनमधील उबवणीचे वर्णन केले, ते १९११ साली प्रसिद्ध झाले. चिनी कारागीर अंड्याचे रुंद टोक डोळ्याच्या खोबणीवर टेकवून त्याची ऊब ओळखत असत. तेथील त्वचा नाजूक असते, तिचे तापमान फारसे बदलत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने बारीकसा फरकही समजतो. कौशल्य मोठे खरे. पण ते एका पिढीत कमावता येत नाही. तापमापक स्वस्त आहे.

अंड्याला गारव्यापेक्षा अतिउष्णतेचे भय अधिक असते. वीज तासभर गेली तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. पहिल्या आठवड्यात पेटी बंद ठेवावी म्हणजे ऊब टिकते. शेवटच्या दहा-बारा दिवसांत मात्र उलट करावे लागते. पंखा थांबला की दार किंचित उघडावे. कारण तोवर प्रत्येक अंड्यात एक जिवंत शेगडी पेटलेली असते आणि बंद पेटीत ती अंडी स्वतःच्याच उष्णतेने होरपळतात. बदकाचे अंडे कोंबडीच्या अंड्याहून मोठे, त्याची उष्णता बाहेर पडायला अधिक वेळ लागतो. म्हणून आपल्याकडील तज्ज्ञ सल्ला देतात की दुसऱ्या दिवसापासून तेविसाव्या दिवसापर्यंत रोज एकदा अंड्यांवर कोमट पाणी शिंपडावे आणि फार तर अर्धा तास ती निवू द्यावीत. ही रीत बदकाच्या मादीकडूनच शिकलेली आहे. जी मादी स्वतः घरट्यावर बसते ती दिवसातून एकदा उठते, चारा-पाणी करते, डुंबते आणि ओल्या पिसांनी परतते. उडून जाणारे पाणी आपल्याबरोबर उष्णता नेते. कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्यांवरही, याच कारणाने, कोणीतरी पाणी शिंपडावे लागते; कोंबडी काही आंघोळ करून येत नाही. शिवाय ही मोठी अंडी तिला नीट फिरवता येत नाहीत, तेही काम हाताने करावे.

पाण्याच्या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. बदक हा पाण्यातला पक्षी, तेव्हा त्याच्या अंड्यांना जितका ओलावा द्यावा तितका चांगला, असे मानून लोक यंत्रात पाण्याच्या परातींवर पराती ठेवतात. वस्तुतः अंड्याने पाणी गमावलेच पाहिजे. यंत्रात गेल्यापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत त्याचे वजन १२ ते १४ टक्क्यांनी घटावे लागते. या घटीने रुंद टोकाकडील हवेची पोकळी मोठी होते, आणि फुटण्यापूर्वी पिल्लू पहिला श्वास घेते तो त्याच पोकळीत. पोकळी अपुरी राहिली तर पूर्ण वाढलेले, गुबगुबीत पिल्लू कवचाच्या आतच गुदमरते. आर्द्रता सुमारे ५५ टक्के ठेवावी म्हणतात ती या घटीसाठी, ३७.५ अंशांच्या यंत्रात ओल्या वातीचा तापमापक तेव्हा २९ अंशांच्या जरासा वर असतो. ती वात मात्र स्वच्छ हवी. क्षार बसून कडक झालेली वात प्रत्यक्षापेक्षा अधिक ओलावा दाखवते आणि चालवणारा निश्चिंत राहतो.

याहून भरवशाची कसोटी म्हणजे किराणा दुकानातला तराजू. समजा, एका फळीवर सत्तर ग्रॅमची तीस अंडी आहेत. वजन झाले २,१०० ग्रॅम. तेरा टक्के घट म्हणजे पंचवीस दिवसांत २७३ ग्रॅम, आठवड्याला पाऊणशेच्या आसपास. पहिल्या आठवड्यानंतर फळी वजनाला लावली आणि घट चाळीसच ग्रॅम भरली, तर परात लहान करावी; सव्वाशे भरली तर मोठी करावी. मधल्या काळात वांझ अंडी काढून टाकली असतील तर उरलेल्यांचाच हिशेब धरावा. हा एवढा साधा उपाय असूनही शंभरांतील एखादाच मनुष्य तो करतो. पावसाळ्यात ढग गडगडले की अंडी नासतात, अशी समजूत खेड्यांतून आढळते. गडगडाटाने अंड्याचे काही बिघडत नाही. पण आषाढातल्या कोकणच्या हवेत अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही, आणि यंत्रात परात भरलेलीच असते. निरीक्षण खरे होते, आरोपी चुकला.

फिरवण्याविषयी वाद नाही. पिवळा बलक हलका असल्याने वर तरंगतो, आणि अंडे एकाच कुशीवर राहिले तर वरचा कोवळा जीव कवचाच्या अस्तराला चिकटून बसतो. यंत्रे दर तासाला अंडी कलती करतात. हाताने फिरवणाऱ्याने दिवसातून निदान तीनदा, शक्य तर पाचदा फिरवावी. संख्या विषम ठेवावी, म्हणजे लांबलचक रात्र रोज एकाच कुशीवर जात नाही. कवचावर एका बाजूस फुली, दुसऱ्या बाजूस गोल काढला की विसर पडत नाही.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडी दिव्यासमोर धरून पाहावीत. पुठ्ठ्याच्या डब्याला भोक पाडून आत दिवा ठेवला की साधन तयार. जिवंत अंड्यात मध्यभागी काळा ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. वांझ अंडे स्वच्छ, पिवळसर दिसते. काहींत शिरा नसतात, फक्त रक्ताचे एक कडे असते. तेथे जीव आला होता आणि गेला. वांझ अंडी आणि ही कडेवाली अंडी वेगवेगळी मोजणे अगत्याचे आहे. पहिली कळपाविषयी सांगतात; दुसरी साठवणीविषयी, किंवा पहिल्या दिवसांतील वाढलेल्या उष्णतेविषयी.

चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी अंडी फिरवणे बंद करून ती फुटण्याच्या खणात आडवी ठेवतात. उष्णतामान किंचित कमी, सुमारे ३७.२ अंश, आर्द्रता मात्र आता ७० टक्क्यांपर्यंत न्यावी, पिल्ले भराने निघू लागली की त्याहूनही वर. आतापर्यंत पाणी उडून जायला हवे होते. आता अस्तर ओले राहायला हवे, नाहीतर ते चामड्यासारखे कडक होऊन पिल्लाला आवळून धरते. नेमक्या याच वेळी मालकाला राहवत नाही. तो दर अर्ध्या तासाने झाकण उघडतो, शेजाऱ्यांना दाखवतो, आणि दर वेळी सारा दमटपणा निघून जातो. बदकाचे पिल्लू पहिली चोच मारल्यावर चोवीस तास, कधी त्याहूनही अधिक, तसेच पडून राहते. ते दमलेले नसते. त्या अवधीत अस्तरातील रक्तवाहिन्या आटतात आणि उरलेला पिवळा बलक पोटात ओढला जातो. पुढचे दोन-तीन दिवस तीच त्याची शिदोरी असते. दया येऊन कवच सोलणारा माणूस या वाहिन्या तोडतो आणि पिल्लू रक्तस्रावाने मरते. असे उपकार न करणे अवघड असते खरे, पण तेच करायचे असते.

अठ्ठाविसावा दिवस उलटून एक-दोन दिवस गेले की न फुटलेली अंडी टाकून देण्यापूर्वी फोडून पाहावीत. काम किळसवाणे आहे आणि म्हणून बहुतेक जण टाळतात. पण पुढच्या खेपेचे उत्तर त्याच टोपलीत पडलेले असते. पूर्ण वाढलेले, ओलेचिंब, सुजल्यासारखे पिल्लू आणि भोवती पाणी, हे सांगते की पंचवीस दिवस ओलावा अधिक झाला. चोच बाहेर आलेली आणि पिसे वाळून अस्तराला चिकटलेली असतील तर शेवटच्या तीन दिवसांत ओलावा कमी पडला. डोके निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडे उलटे ठेवले गेले होते किंवा नीट फिरवले गेले नव्हते. मधल्या आठवड्यांत मेलेले जीव बरेच निघाले तर मादीचे खाद्य तपासावे. काळे, दुर्गंधी अंडे गोठ्याच्या आणि धुण्याच्या रीतीकडे बोट दाखवते. फुटलेल्या पिल्लांकडेही पाहावे. सव्विसाव्या दिवशीच घाईने बाहेर आलेली आणि बेंबी न भरलेली पिल्ले म्हणजे यंत्र गरम चालले, आणि एकोणतिसाव्या-तिसाव्या दिवसापर्यंत रेंगाळलेली म्हणजे ते थंड चालले. मस्कोव्ही बदक पाळणाऱ्याने मात्र हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. त्या जातीची अंडी फुटायला सुमारे पस्तीस दिवस लागतात, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ‘फुटत नाहीत’ म्हणून जिवंत अंडी फेकून दिल्याची उदाहरणे आहेत.

फलित अंड्यांपैकी चार पंचमांश फुटली तर काम उत्तम झाले असे समजावे. सारी एकदम साधत नाहीत. एका खेपेला एकच गोष्ट बदलावी, वहीत तारीख, अंड्यांची संख्या, सातव्या दिवसाची मोजणी आणि वजने लिहावीत, आणि खेपांच्या मधल्या काळात यंत्र कढत पाण्याने व जंतुनाशकाने धुऊन उन्हात वाळवावे. पिल्ले यंत्रातच वाळून फुलू द्यावीत. मग त्यांना उबदार, कोरड्या जागी हलवावे आणि प्रथम पाणी द्यावे. भांडे उथळ असावे, पण चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके तरी पाणी त्यात असावे. बदक नाकपुड्या धुऊन घेतल्याशिवाय धड खात नाही. पोहायला मात्र त्यांना लगेच सोडू नये. आईच्या पिसांतील तेल त्यांच्या अंगाला लागलेले नसते आणि यंत्रातून आलेले पिल्लू पाण्यात भिजून गारठते.